थंडीतल्या बागेत उन्हाचे पाहुणे

मार्गशीर्ष उजाडला, की नाशिकमधील रोपवाटिकांच्या दारात रंगांची आरास दिसू लागते. मखमली तुऱ्यांचा लालभडक कोंबडा, गुलाबी-शेंदरी झिनिया, मुठीएवढा झेंडू, अंगभर बहरलेला तेरडा. पाहणाऱ्याला मोह आवरत नाही. चार-सहा रोपे घरी येतात, गच्चीवर किंवा गॅलरीत मांडली जातात आणि आठवडाभर खरोखरच शोभून दिसतात. मग एके रात्री पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. सकाळी पाहावे, तर पानांनी माना टाकलेल्या. पाणी कमी पडले असेल, असे समजून घरातील कुणीतरी तांब्याभर पाणी अधिक घालते. दुसऱ्या दिवशी चमचाभर खत पडते. पानांच्या कडा काळपट होतात, खोड तळाशी मऊ पडते आणि पंधरवड्यात कुंडी रिकामी होते. 'आमच्या हाताला फुलेच लाभत नाहीत,' हा त्यावरचा ठरलेला निष्कर्ष.

मीही एकदा हा निष्कर्ष काढून बसलो होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गच्ची रंगीत दिसावी, म्हणून डिसेंबरात झिनियाची डझनभर रोपे हौसेने आणली. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांतील तीन उभी होती आणि त्यांच्यावरही पांढरी भुरी पसरली होती. खतपाण्यात काहीच उणे नव्हते. चुकली होती ती वेळ. ही फुले उन्हाच्या देशांतील पाहुणी आहेत. त्यांना कधी बोलवावे आणि कधी निरोप द्यावा, एवढे कळले, तर नाशिकसारख्या थंडीच्या गावातही ती वर्षातील सात महिने आनंदाने मुक्काम करतात.

माहेर कुठले, सासर कुठले?

बी रुजल्यापासून पुन्हा बी धरेपर्यंतचे सारे आयुष्य एकाच हंगामात संपवणाऱ्या फुलझाडांना आपण हंगामी फुले म्हणतो. त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, डायन्थस ही थंडी मानवणारी. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा, तेरडा, सूर्यफूल, गोम्फ्रेना आणि चिनी गुलाब ही ऊब मागणारी. सर्वांत भडक आणि डोळ्यांत भरणारे रंग बहुधा या दुसऱ्या गटाचे असतात.

या गटातील अनेकांचे माहेर मेक्सिको आहे. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही, तो झेंडू मूळचा तिकडचाच. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांच्या स्मरणाचा सण असतो आणि त्या वेळी घरे व स्मशाने याच केशरी फुलांनी सजतात. झिनियाही तिकडची. योहान झिन या अठराव्या शतकातील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. कॉसमॉस त्यांची शेजारीण. चिनी गुलाबाच्या नावात चीन असला, तरी तो दक्षिण अमेरिकेचा.

तेरडा मात्र आपला. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीचे उतार तो गुलाबी करून टाकतो आणि गौरीच्या पूजेत त्याला मान असतो. याच तेरड्याची दुपदरी, गुलाबासारखी दिसणारी वाणे युरोपातील बागांत शतकानुशतके कौतुकाने वाढवली गेली. म्हणजे जो प्रश्न आपल्याला नाशिकच्या गच्चीवर पडतो, तोच प्रश्न तिकडच्या माळ्यांना आपल्या तेरड्याने घातला होता.

तूप थिजते, तसे

उष्ण प्रदेशातील रोपाला थंडीत नेमके काय होते? त्याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. नाशिकच्या डिसेंबरात तुपाची बरणी थिजते, जवसाचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही स्निग्ध पदार्थच. पण घडण वेगळी. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे एक अतिशय पातळ पटल असते. पाणी, क्षार, साखर यांची सारी ये-जा त्यातून होते. थंड प्रदेशातील वनस्पती शिशिराच्या आधी या पटलाची घडण हळूहळू बदलतात आणि ते तेलासारखे वाहते ठेवतात. उष्ण प्रदेशातील वनस्पतींना हे नीटसे साधत नाही. दहा अंशांच्या आसपास त्यांचे पटल तुपासारखे ताठरू लागते आणि ये-जा अडखळते.

त्याचा पहिला फटका मुळांना बसतो. थंड मातीत मुळे पाणी ओढू शकत नाहीत. सकाळी नऊ वाजता स्वच्छ ऊन पडते, पानांतून पाणी उडू लागते आणि खालून पुरवठा होत नाही. म्हणून माती ओली असतानाही पाने सुकल्यासारखी दिसतात. हीच ती फसवी घटका. रोप तहानलेले दिसते, पण त्याला पाणी पिता येत नसते. अशा वेळी ओतलेले पाणी मातीत साचते, माती आणखी थंड होते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि बुरशी मुळे कुजवते. खताचेही तसेच. थंडीत स्फुरद उचलता येत नाही, म्हणून पाने जांभळट दिसतात. ती पाहून आपण आणखी खत घालतो आणि न शोषलेल्या क्षारांनी मुळे होरपळतात. थंडीने मारलेल्या रोपांपेक्षा थंडीतील मायेने मारलेली रोपे बहुधा अधिक असावीत.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. पाणी गोठून पेशी फुटणे, हे शून्याच्या आसपासचे संकट. पण उष्ण प्रदेशातील रोपांना गोठण्याच्या कितीतरी आधी इजा होते. साधारण पंधरा अंशांच्या खाली त्यांची वाढ मंदावते आणि दहाच्या खालच्या सलग चार-पाच रात्री त्यांना भोवतात. तेरडा, कोंबडा आणि सदाफुली सर्वांत नाजूक. झिनिया मधली. झेंडू त्यातल्या त्यात सोशीक; पण हिमकणांपुढे त्याचाही निभाव लागत नाही.

द्राक्षबागेकडून शिकण्यासारखे

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि समुद्राची ऊब सह्याद्रीच्या भिंतीपलीकडे राहते. हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असतो. अशा रात्री जमीन दिवसभराची उष्णता उघड्या आकाशाकडे फेकून देते. जमिनीलगतची थंड झालेली हवा जड असल्याने पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल भागात साठते. निफाडचा पारा शहरापेक्षा अनेकदा खाली जातो, तो यामुळेच. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील नोंदी दर हिवाळ्यात बातमीचा विषय होतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. दुपारी मात्र हेच तापमान पंचवीस अंशांच्या पुढे जाते. दुपारच्या उन्हावर विसंबणारा बागप्रेमी रात्रीला फसतो, तो या तफावतीमुळे.

अशा रात्री द्राक्षबागाईतदार झोपत नाहीत. मणी तडकू नयेत, वेली गारठू नयेत, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि ठिबकमधून पाणी सोडले जाते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी त्या घटकेला हवेपेक्षा उबदार असते. शिवाय ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची उष्णता अधिक साठवते. गच्चीवर शेकोटी पेटवण्याचे कारण नाही. पण त्यामागचे तत्त्व घेण्यासारखे आहे. लढाई रात्रीशी आहे आणि ती मातीच्या उबेने लढायची आहे.

शिवरात्री, हिमसंत आणि राणीचा वाढदिवस

आता थंड देशांकडे पाहू. तेथे शून्याखाली जाणारे हिवाळे असताना उन्हाळ्यात बागा झिनिया-झेंडूने कशा फुलतात? रहस्य साधे आहे. तेथील माळी शेवटच्या हिमकणांची तारीख धरून मागे मोजत जातो.

मध्य युरोपात ११ ते १५ मे या दिवसांना 'हिमसंतांचे दिवस' म्हणतात. त्या संतांचे दिवस उलटल्याखेरीज नाजूक रोप बाहेर लावू नये, असा जुना संकेत. कॅनडात व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसानिमित्त २५ मेच्या आधीच्या सोमवारी सुट्टी असते. तिथल्या अनेक भागांत बागेतील लावणीचा मुहूर्त हाच. त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात, उबदार खिडकीशी बी पेरलेले असते. रोपे तयार झाली, की आठ-दहा दिवस त्यांना रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून कणखर केले जाते आणि मग जमिनीत लावले जाते. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला, काचगृहे स्वस्त झाली आणि उष्ण प्रदेशातील हजारो रोपे हिवाळ्यात आत वाढवून उन्हाळ्यात ताटव्यांत मांडण्याची टूम तिथे बोकाळली.

आपल्याकडेही असा मुहूर्त आहे. आपण तो बागेसाठी वापरत नाही, एवढेच. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे आपली आजी सांगत असे. माघ वद्य चतुर्दशीच्या सुमारास नाशिकच्या रात्री खरोखरच सैल पडू लागतात. तिकडे हिमसंत, कॅनडात राणी, तर आपल्याकडे महादेव! ज्या वर्षी शिवरात्र फेब्रुवारीच्या मध्यालाच येते, त्या वर्षी आणखी आठवडा-दहा दिवस थांबावे. रात्रीचा पारा सलग चौदा-पंधरा अंशांवर राहू लागला, की मार्ग मोकळा झाला असे समजावे.

दोन खिडक्यांचे पंचांग

थंड देशांतील माळ्याला वर्षात एकच संधी मिळते. नाशिककर त्याबाबतीत भाग्यवान. त्याला दोन मिळतात.

पहिली खिडकी: आषाढ ते कार्तिक. येथे थंडी शेवटी येते, म्हणून तिच्या आधी बहर उरकेल अशा बेताने पेरणी करायची. तेरड्याला पेरणीपासून फुलापर्यंत सुमारे आठ आठवडे लागतात. झिनिया आणि कॉसमॉसला आठ ते दहा. मोठ्या फुलांच्या झेंडूला आणि कोंबड्याला दहा ते बारा. ऑक्टोबरच्या मध्याला येणाऱ्या दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल, तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बी पेरावे आणि ऑगस्टच्या प्रारंभी रोपे लावावीत. तेरडा जूनमध्येच पेरला, तरी चालतो. पाऊस त्याला मानवतो. झिनियाला मात्र संततधार सोसत नाही. तिच्या पानांवर ठिपके पडतात. तिचे बी ऑगस्टच्या मध्यावर पेरले, की सप्टेंबरात रोपे सावरतात आणि दिवाळीला ऐन भरात येतात. सप्टेंबरनंतर या गटातील कशाचीही पेरणी करू नये.

दुसरी खिडकी: माघ ते वैशाख. शिवरात्रीच्या चार-पाच आठवडे आधी, म्हणजे साधारण संक्रांतीनंतर, खणांच्या ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात भरून बी पेरावे. ट्रे रात्री घरात आणि दिवसा उन्हात ठेवावा. स्वयंपाकघराच्या ओट्यालगतचा कोपरा त्यासाठी उत्तम. बी रुजायला वीस ते पंचवीस अंशांची ऊब लागते. ती मिळाली, तर झिनिया आणि झेंडू आठवड्याच्या आत उगवतात. शिवरात्रीनंतर लावलेली रोपे चैत्रात फुलतात. या हंगामासाठी झिनिया, गोम्फ्रेना, सूर्यफूल, चिनी गुलाब आणि नारिंगी कॉसमॉस निवडावेत. एप्रिल-मेमधील अडतीस-चाळीस अंशांच्या दुपारी तेरड्याला झेपत नाहीत. कुंड्यांवर दुपारपुरते शेडनेट आणि मातीवर वाळल्या पाल्याचे आच्छादन असले, की वैशाखही निभावतो.

दिवसाची लांबीही मोजावी

थंडीइतकेच महत्त्व प्रकाशाला आहे. मोठ्या फुलांचा झेंडू, कॉसमॉस आणि कोंबडा ही लहान दिवसांत लवकर फुलणारी झाडे आहेत. नाशिकला जूनमधील दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधील जेमतेम अकरा तासांचा असतो. म्हणून जुलैत पेरलेला झेंडू आधी भरपूर फांद्या करतो आणि दिवस लहान होऊ लागताच फुलांनी लगडतो. हेच बी ऑक्टोबरात पेरले, तर रोप वीतभर असतानाच कळी धरते आणि वाढायचे राहून जाते. रोपवाटिकेत दिसणारे बोटभर उंचीचे फुललेले कोंबडे अनेकदा असे अकाली प्रौढ झालेले असतात. त्यांना घरी नेऊन मोठे करता येत नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांना याची उलट बाजू भोगावी लागते. टोरंटोत जूनमधील दिवस पंधरा तासांहून मोठा असतो. आपल्याकडून नेलेल्या मोठ्या झेंडूचे झाड तिथे पुरुषभर वाढते, कळ्या सप्टेंबरात येतात आणि दसऱ्याच्या आसपास हिमकण पडून सारे काळे होते. तिथे तोरणासाठी झेंडू हवा असेल, तर दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा, ठेंगणा 'फ्रेंच' झेंडू लावणे शहाणपणाचे.

थंडीत सापडलेली रोपे

एवढे करूनही काही कुंड्या थंडीत सापडतातच. दिवाळीचा बहर चालू असतो आणि काढून टाकायला मन धजत नाही. अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

कुंड्या उघड्या गच्चीच्या मधोमध ठेवू नयेत. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत, शक्य तर छज्जाखाली हलवाव्यात. भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते आणि छज्जा आकाशाकडे जाणारी उष्णता अडवतो. एवढ्यानेही दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. कुंड्या एकमेकींना चिकटून, लाकडी फळीवर किंवा थर्मोकोलवर ठेवाव्यात. गार फरशी रात्रभर मुळांची ऊब शोषत राहते.

पाणी संध्याकाळी अजिबात देऊ नये. सकाळी ऊन चढल्यावर, मातीत बोट खुपसून वरचे पेर कोरडे लागले तरच, थेट मुळांशी द्यावे. टाकीतील पहाटेचे गार पाणी टाळावे. पौष संपेपर्यंत खत बंद ठेवावे.

फारच कडाक्याच्या रात्री जुनी सुती साडी किंवा चादर काठ्यांच्या आधाराने रोपांवर घालावी आणि ती सकाळी काढावी. प्लास्टिकचा कागद पानांना टेकला, तर त्या जागी इजा अधिक होते. पानांवर पांढरी भुरी दिसली, तर पहिली पाने काढून टाकावीत, रोपांत अंतर ठेवावे आणि पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात फवारणी करावी. द्राक्षाच्या जिल्ह्यात भुरीची ओळख नव्याने करून द्यायला नको.

आणि रोप अगदीच थकले असेल, तर बी जमवून त्याला निरोप द्यावा. हंगामी फुलाने आपले काम केलेले असते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण कुणाच्या तरी चंचलपणाला हिणवताना म्हणतो. तेरडा मात्र त्या तीन दिवसांत बी तयार करून ठेवतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो.

थंडीचे मानकरी

रिकाम्या झालेल्या कुंड्यांनी खंतावण्याचे कारण नाही. नाशिकची जी थंडी तेरड्याला मारते, तीच पॅन्सीला हसवते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, ॲस्टर, कॅलेंडुला, नॅस्टर्शियम यांचे बी पेरून ठेवले, की झेंडूचा बहर ओसरताना त्यांची रोपे जागा घ्यायला तयार असतात. मुंबईत अडून बसणारी ही फुले आपल्याकडे सहज येतात. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात भरलेले पुष्पोत्सव ज्यांनी पाहिले असतील, त्यांना नाशिकच्या थंडीचे हे देणे वेगळे सांगायला नको. मोगल अमदानीत हे गाव गुलशनाबाद म्हणून ओळखले जाई. फुलांचे गाव ही ओळख येथील हवेने मिळवून दिलेली आहे आणि त्या हवेत थंडीचाही वाटा आहे.

तेव्हा येत्या मार्गशीर्षात रोपवाटिकेच्या दारातील लालभडक कोंबडा खुणावू लागला, तर त्याला हात जोडावेत आणि पिटुनियाचे रोप उचलावे. कोंबड्याचे बी मात्र एका कागदी पुडीत भरून, वर तारीख लिहून, आषाढासाठी जपून ठेवावे. पाहुणा आपला लाडका खरा. पण त्याला बोलवायचे, ते त्याच्या सवडीने.